खातं खऱ्या नावाचंच होतं

गेल्या अंकात परदेशातून येणाऱ्या पैशांबद्दल लिहिताना एक वाक्य सहज टाकून गेले होते, की केवायसीचं, म्हणजे खातेदाराची ओळख तपासण्याचं, हे जे लचांड आपल्यामागे लागलं आहे त्याला खरा जोर आला तो ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर विमानं आदळवून झालेल्या हल्ल्यानंतर. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं राहिलं बाजूला, पत्रं सगळी त्या एका वाक्यावरच आली. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. बडोद्यात एका बँकेच्या परकीय चलन विभागात बत्तीस वर्षं नावं, सह्या आणि रकमा जुळवत बसले, तेवढंच माझं भांडवल. त्या चष्म्यातून जे दिसतं ते सांगते.

ताई, पितृपक्षात आमच्याकडे जेवणं होती. न्यू जर्सीचा भाचा आला होता. विषय निघाला तसे मेहुणे म्हणाले, विमानं घुसवणारे सगळे अफगाणी. मी म्हटलं, पाकिस्तानी. भाचा म्हणे दोघंही चूक. खरं काय? आणि आकडा १९ की २०? – एक वाचक, दांडिया बाजार

भाच्याला खिरीची एक वाटी जास्त वाढायला हवी होती. विमानांत चढले ते १९. त्यांत अफगाणी एकही नाही आणि पाकिस्तानीही एकही नाही. पंधरा जण सौदी अरेबियाचे, दोघे संयुक्त अरब अमिरातीचे, एक इजिप्तचा, एक लेबनॉनचा. अफगाणिस्तानात त्यांचं प्रशिक्षण झालं, हुकूम तिथून सुटला, म्हणून आपल्या डोक्यात अफगाणी बसले. बॉस्टनहून सुटलेली दोन विमानं, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरचं एक आणि न्यूअर्कचं एक, अशी चार. चारही कॅलिफोर्नियाला निघालेली, म्हणजे टाक्या इंधनाने भरलेल्या. तीन विमानांत पाच-पाच जण होते, चौथ्यात चार. तुमचा विसावा माणूस या चौथ्या विमानातल्या रिकाम्या जागेतून येतो.

मोहम्मद अल-काहतानी नावाचा एक सौदी ४ ऑगस्ट २००१ ला फ्लोरिडात ऑरलँडोला उतरला. हातात परतीचं तिकीट नाही, कुणाकडे उतरणार ते सांगता येईना. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला तो खटकला आणि त्याने त्याला आल्या पावली परत पाठवलं. बाहेर त्याला न्यायला कोण आलं होतं, तर मोहम्मद अट्टा. ज्याला आपण म्होरक्या म्हणतो, तोच. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला जे खटकतं ते कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नसतं, हे मी नोकरीत पुष्कळदा अनुभवलं आहे. त्या अधिकाऱ्याबद्दल वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता ते १९ जण होते कसे. त्यांचे सरळ दोन गट पडतात. विमान चालवणारे चार आणि बाकीचे पंधरा. त्या पंधरांतले बहुतेक विशीतले सौदी तरुण. ते २००१ च्या उन्हाळ्याच्या सुमाराला अमेरिकेत आले. प्रवासी आणि कर्मचारी यांना धाकात ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. वैमानिकांत अट्टा ३३ वर्षांचा. कैरोला वास्तुकला शिकलेला, मग हँबुर्गच्या तंत्र विद्यापीठात नगररचना. त्याचा प्रबंध सीरियातल्या आलेप्पो शहरावर होता. मरवान अल-शेही अवघा २३ वर्षांचा, अमिरातीच्या लष्कराची शिष्यवृत्ती घेऊन जर्मनीत आलेला. झियाद जर्राह बैरूतच्या सुखवस्तू घरातला. हे तिघे हँबुर्गचे. चौथा हानी हंजूर सौदी. त्याने ऍरिझोनात शिकून १९९९ सालीच वैमानिकाचा परवाना मिळवला होता.

लोक मला विचारतात, असले लोक खातं उघडायला समोर आले असते तर कळलं असतं का हो? नसतं कळलं. खरं सांगते. हँबुर्गचा विद्यार्थी, पासपोर्ट असली, व्हिसा असली, विमान शिकायला आलाय. मी त्याला खुर्ची दिली असती.

आणि मला सर्वात जास्त खुपतं ते हेच, की हे लोक आपापल्या नावाने राहिले. नवाफ अल-हाझमी आणि खालिद अल-मिहधार हे दोघे जानेवारी २००० मध्ये लॉस एंजेलिसला उतरले. त्याच्या काही दिवस आधी ते क्वालालंपूरला अल-कायदाच्या बैठकीत होते आणि सीआयएला ते ठाऊक होतं. मिहधारच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे हेही ठाऊक होतं. पण त्यांची नावं निगराणीच्या यादीत पडली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. मधल्या काळात हाझमीचं नाव, पत्ता आणि फोन नंबर सॅन डिएगोच्या टेलिफोन डिरेक्टरीत छापून आला होता! काही काळ तो ज्याच्या घरात भाड्याने राहिला तो घरमालक खुद्द एफबीआयचा खबऱ्या. काखेत कळसा म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

आणखी ऐका. एप्रिल २००१ मध्ये फ्लोरिडात अट्टाला परवान्याशिवाय गाडी चालवताना पोलिसांनी पकडलं. तारखेला तो कोर्टात गेलाच नाही, म्हणून त्याच्या नावाने वॉरंट निघालं आणि तसंच पडून राहिलं. ९ सप्टेंबरला, म्हणजे दोन दिवस आधी, जर्राहला मेरीलँडमध्ये वेगात गाडी हाकल्याबद्दल २७० डॉलरचा दंड झाला. पोलिसाने परवाना बघितला, पावती फाडली, सोडून दिलं. त्याचं तरी काय चुकलं? जर्राहचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. खुद्द त्या सकाळी विमानतळाच्या संगणकाने १९ पैकी निम्म्याहून अधिक जणांची नावं वेगळी काढली होती. पण नियम असा, की अशा माणसाचं मोठं सामान तो स्वतः विमानात चढेपर्यंत चढवायचं नाही. माणूस चढला की सामान चढलं. आत्मघातकी माणसाचा विचार त्या नियमात नव्हता. आपण तरी कुठे केला होता? आपल्याला विमान अपहरण म्हणजे डिसेंबर १९९९ चं कंदाहार माहीत. विमान उतरवतात, मागण्या करतात, दिवस मोजतात.

शेवटचा कागद तर हसावं की रडावं असा आहे. अट्टा आणि शेही ज्या फ्लोरिडाच्या शाळेत विमान शिकले, तिथे त्यांच्या विद्यार्थी व्हिसाच्या मंजुरीची सूचना पोचली मार्च २००२ मध्ये. दोघांना मरून सहा महिने झाले होते.

इतक्या आगीत इमारत वितळली आणि एका अतिरेक्याचा कागदी पासपोर्ट तेवढा शाबूत मिळाला? शिवाय त्यांतले काही जण जिवंत सापडले असं बीबीसीनेच सांगितलं होतं ना? – एक विद्यार्थी, फतेहगंज

बाळा, हा पासपोर्ट साताम अल-सुकामीचा, बॉस्टनहून सुटलेल्या पहिल्या विमानातला. तो ढिगाऱ्यात मिळालेला नाही, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे उभे असतानाच रस्त्यावर पडलेला मिळाला. एका वाटसरूने उचलून पोलिसाच्या हातात दिला. विमान शेकडो किलोमीटर वेगाने आदळलं की पुढचं सगळं जळत नाही, काही वस्तू पलीकडून बाहेर फेकल्या जातात. त्या दिवशी मनोऱ्यांतल्या कचेऱ्यांचे कागद नदीपार ब्रुकलिनमध्ये जाऊन पडले होते. होळीत टाकलेल्या वर्तमानपत्राचा अर्धा जळका तुकडा शेजारच्या गच्चीवर पडलेला तूही बघितला असशील.

आणि ओळख काही त्या पासपोर्टवर अडली नव्हती. त्याच विमानातल्या हवाई सेविका बेटी आँग आणि एमी स्वीनी यांनी अपहरण चालू असताना फोनवरून खाली खबर दिली, हल्लेखोर कोणकोणत्या आसनांवर बसले होते तेही कळवलं. आसनावरून तिकीट, तिकिटावरून नाव, नावावरून खातं, खात्यावरून बाकीचे. एफबीआयने १४ सप्टेंबरला १९ नावं जाहीर केली. बेटी आँगच्या आवाजाची ध्वनिफीत उपलब्ध आहे. ती ऐकशील तेव्हा एकटा ऐकू नकोस.

जिवंत सापडलेल्यांचं म्हणशील, तर बातमी खरंच आली होती, सप्टेंबर २००१ मध्येच. फोटो यायच्या आधी नुसती नावं छापली गेली आणि त्याच नावाची दुसरी माणसं घाबरून पुढे आली. अरबी नावं आपल्यासारखीच एकमेकांत सांडतात. बीबीसीने नंतर त्याचा खुलासाही केला. आता तुला घरचंच उदाहरण देते. आपल्या महाराजांचं आडनाव, गायकवाड. इंग्रजीत ते कुठे ‘ए-ई’ने लिहितात, कुठे ‘ए-आय’ने, आणि जुन्या कागदांत तर शेवटी ‘ड’च्या जागी ‘आर’. राजघराण्याची ही गत, तर तुझी-माझी काय! अट्टाला हँबुर्गमध्ये सगळे मोहम्मद अल-अमीर म्हणून ओळखत. तेही खोटं नाही, त्याच्या लांबलचक नावातलाच तो तुकडा. त्याने फक्त दुसरा तुकडा पुढे काढला.

मुख्य सूत्रधार खालिद शेख पकडला गेला होता. त्याला फाशी झाली का? आमच्या भिशीत कुणालाच माहीत नव्हतं. – एक वाचक, कारेलीबाग

नाही झाली. खालिद शेख मोहम्मद १ मार्च २००३ ला रावळपिंडीत सापडला. अमेरिकेतच शिकलेला यंत्र अभियंता. विमानं हत्यारासारखी वापरायची कल्पना त्याची. त्याने ती १९९६ मध्ये ओसामा बिन लादेनपुढे मांडली. होकार मिळायला दोन-तीन वर्षं गेली. पहिला बेत दहा विमानांचा होता, तो कापून चारावर आला. त्याचाच भाचा रम्झी युसुफ १९९३ च्या त्याच मनोऱ्यांतल्या बाँबस्फोटाचा कर्ता, म्हणजे घरातूनच चालत आलेलं.

पकडल्यावर सीआयएने त्याला गुप्त तुरुंगात ठेवलं. पाण्यात गुदमरवण्याचा प्रकार त्याच्यावर त्या एकाच महिन्यात १८३ वेळा झाला. पुढे खटल्याचं गाडं रुतलं ते मुख्यतः तिथेच, कारण छळ करून काढलेला जबाब कोर्टात किती टिकणार? २००६ पासून तो ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात आहे. २०२४ च्या जुलैअखेर जन्मठेपेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याचा करार झाला, दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मंत्र्यांची बाजू उचलून धरली. माझं मत विचाराल तर त्या छळाने २,९७७ मृतांच्या घरच्यांचंच नुकसान झालं. निकाल ऐकण्याच्या आशेवर कितीतरी आई-वडील गेले.

ओसामा २ मे २०११ ला ऍबटाबादमध्ये मारला गेला, हे भिशीत माहीत असेलच. हँबुर्गच्या खोलीतला चौथा, रम्झी बिन अल-शिभ, याचा अमेरिकेचा व्हिसा चार वेळा नाकारला गेला, नाहीतर तोही विमानात असता. तो कराचीत सापडला, बरोबर एक वर्षानंतर, ११ सप्टेंबरलाच. या प्रकरणात अमेरिकेच्या कोर्टात शिक्षा झालेला एकच, झकारियास मुसावी. तो हल्ल्याआधीच ऑगस्टमध्ये मिनेसोटात पकडला गेला होता, २००६ मध्ये जन्मठेप लागली. जर्मनीत मुनीर अल-मोतासादेकला १५ वर्षं झाली. माझ्या बँकवाल्या मैत्रिणींसाठी सांगते, त्याच्याविरुद्धच्या पुराव्यांत एक होतं मुखत्यारपत्र. शेहीच्या खात्यावर त्याची सही चालत होती. पुन्हा कुणी ‘जरा माझ्या खात्यावर सही करायला तुमचं नाव घालू का’ म्हटलं तर हे आठवा.

व्हॉट्सऍपवर येतं की कंदाहारला आपण सोडलेल्या उमर शेखनेच अट्टाला एक लाख डॉलर पाठवले. मग आपल्या सरकारने सोडलेल्या माणसाच्या पैशावर हे झालं ना? – निवृत्त रेल्वे कर्मचारी, प्रतापनगर

भाऊ, हे व्हॉट्सऍपच्या आधीपासून फिरतंय. ऑक्टोबर २००१ मध्ये आपल्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. मीही तेव्हा मानलं होतं. पण अमेरिकेच्या ९/११ आयोगाने जुलै २००४ मध्ये अहवाल दिला आणि त्यात पैशाचा मार्ग व्यवहारासकट मांडला. तो एक लाखाच्या आसपासचा आकडा खरा आहे, माणूस वेगळा. जून ते सप्टेंबर २००० मध्ये अमिरातीहून पाच वेळा पैसे आले, एकूण १,१४,५०० डॉलर. सर्वात लहान रक्कम पाच हजार, मोठी सत्तर हजार. पाठवणारा अली अब्दुल अझीझ अली, खालिद शेखचा दुसरा भाचा. पाठवताना त्याने वेगवेगळी नावं लावली. त्यातले बहुतेक जमा झाले ते फ्लोरिडातल्या संयुक्त खात्यात, अट्टा आणि शेही या खऱ्या नावांच्या. कुठल्याही परक्या सरकारने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने पैसा पुरवल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. सौदी सरकारविरुद्ध मृतांच्या कुटुंबीयांचा दावा न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला, तो वेगळा विषय. उमर शेखच्या खात्यावर इतर पापं पुरेशी आहेत, हे तरी काढून टाका.

अख्ख्या कटाला खर्च आला चार ते पाच लाख डॉलर. त्यातले सुमारे तीन लाख अमेरिकेतल्या साध्या बँक खात्यांतून गेले. एकाही बँकेने यातला एकही व्यवहार हल्ल्याआधी संशयास्पद म्हणून कळवला नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. परदेशी विद्यार्थी, विमान शिकण्याची भलीमोठी फी, घरून येणारे पैसे. आपल्याकडेही मुलाच्या एमएसची फी अशीच जाते. मला झोपू दिलं नाही ते दुसऱ्याच आकड्याने. हल्ल्याच्या आधीच्या काही दिवसांत त्यांनी उरलेले सुमारे २६,००० डॉलर अमिरातीला परत पाठवले. हिशेब चुकता केला. मरायला निघालेल्या माणसाने शिल्लक परत करावी! इतकी वर्षं मी शिल्लक जुळली की समाधानाने घरी जात होते.

तो मंगळवार आठवतो. पहिलं विमान आदळलं तेव्हा आपल्याकडे सव्वासहा झाले होते. आम्ही दिवसाचा ताळा जुळवत होतो. शेजारच्या दुकानातला मुलगा टीव्ही लागलाय म्हणून सांगत आला. रात्री सगळं बडोदं अमेरिकेला फोन लावत होतं आणि लागत नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत भुजचा भूकंप झाला, तेव्हा तिकडची मंडळी इकडे अशीच रात्रभर नंबर फिरवत होती.

मग याद्या यायला लागल्या. मुख्य कचेरीतून फॅक्स यायचा, पुसट, वाकडातिकडा, संशयितांच्या नावांचा. आम्ही पट्टी लावून खतावणीतली नावं ताडून बघायचो. त्या एकोणीसांतल्या दोघांची नावं अमेरिकेच्या यादीत फक्त शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पडली होती, बाकीच्यांची कधीच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी निष्ठेने पट्टी सरकवत होते. ऑगस्ट २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेचं केवायसीचं परिपत्रक आलं. तोवर आमच्याकडे एका जुन्या खातेदाराची ओळखीची सही असली की खातं उघडत असे.

पट्टीखाली एक नाव जुळलं. याकुतपुऱ्यातले एक चाचा, जन्म बडोद्याचा, शिवणकाम करायचे, मुलगा दुबईला एसी दुरुस्तीचं काम करायचा. दर दोन महिन्यांनी पैसे यायचे. नाव यादीतल्या नावाशी अक्षरशः तेच. वय यादीत नव्हतं. ते २००२ साल होतं. बडोद्यात ते कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. वरून उत्तर येईपर्यंत पैसे सोडायचे नाहीत असा हुकूम. चाचा नऊ दिवस रोज साडेदहाला येऊन बाकड्यावर बसायचे. चहा विचारला तर नको म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘बेन, पैसे मारा छे के नथी, एटलुं कहो.’ पैसे माझे आहेत की नाहीत, तेवढं सांगा. मला तेवढंही सांगता आलं नाही.

दहाव्या दिवशी फॅक्स आला, सोडा म्हणून. चाचांनी पैसे मोजले नाहीत, पासबुक पुढे केलं. म्हणाले, यावर बापाचं नाव घाला आणि आजोबांचंही, म्हणजे परत कुणाशी जुळणार नाही. आजोबांच्या नावाला पासबुकात रकाना नव्हता. ते मी समासात पेनाने लिहिलं, शिक्का मारला आणि खाली सही केली.